घाटावर आम्ही तिघं, आणि आई तीन

गोदाकाठ

आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्धाची तयारी सुरू आहे, पण माझं डोकं अजून दहाव्या दिवसाच्या सकाळीच अडकून बसलंय. म्हणून हा धागा. सांत्वनासाठी नाही, ते घरचे पुष्कळ करतात. मला एक गोष्ट खरंच कळत नाहीये.

रामकुंडावर पिंड मांडला, आम्ही मागे सरकलो. कावळे होते, नाही असं नाही. शेजारच्या कुटुंबाचा पिंड पाच मिनिटांत शिवला. आमच्याकडे एक आला, पानाभोवती फिरला, मान वाकडी करून बघितलं आणि परत भिंतीवर जाऊन बसला. मग नेहमीचं सुरू झालं. काहीतरी इच्छा राहिली असेल, बोला, कबूल करा.

भाऊ हात जोडून म्हणाला, "आई, धाकटीचं इंजिनिअरिंग पुरं करतो, काळजी करू नकोस." मी पुटपुटले, "गोळ्यांवरून परत कधी ओरडणार नाही गं." अर्धा तास झाला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेवढ्यात मावशी काठी टेकत पुढे झाली (आईपेक्षा सहा वर्षांनी मोठी) आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "चल गं, सिन्नरला नेते तुला. दादा वाट बघतायत." दादा म्हणजे त्यांचे वडील. ते १९७१ साली गेले.

कावळा शिवला. त्याचं काय ते ज्याने त्याने ठरवावं, माझा प्रश्न तो नाही.

आईला २०१७ साली अल्झायमरचं निदान झालं. त्याआधी ३१ वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं. आधी नावं गेली, मग आम्ही गेलो. धाकटी नात कोण हे तिला शेवटची पाच वर्षं माहीतच नव्हतं. मला ती "बाई" म्हणायची. संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन उभी राहायची आणि "मला घरी सोडा" म्हणायची. घर म्हणजे सिन्नरचं, लग्नाआधीचं. पण "एकोणतीस साती?" म्हटलं की क्षणात "दोनशे तीन", आणि वर माझ्याकडे असं बघायची की मी गृहपाठ केलेला नाही.

तर घाटावर भाऊ बोलत होता २०१५च्या आईशी. मी बोलत होते शेवटच्या दोन वर्षांतल्या बाईशी. आणि मावशी बोलत होती परकर-पोलक्यातल्या मुलीशी. पिंड एकच होता.

आत्मा अमर आहे असं क्षणभर धरून चालू. मग ह्या तिघींपैकी गेलं कोण, आणि उरलं कोण?

---

माळकरी

ताई, डोळे भरून आले. माउलींनी दुसऱ्या अध्यायात सांगितलंय,

जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे । मग नूतन वेढिजे ।
तैसें देहांतरातें स्वीकारिजे । चैतन्यनाथें ॥

वस्त्र जीर्ण झालं होतं. नेसणारा तोच. तिघी म्हणजे तीन वस्त्रं समजा. रामकृष्णहरी.

---

चार्वाकाचा चुलतभाऊ

सुरुवातीलाच सांगतो, मी कावळावाला नाही. दशक्रियेच्या घाटावरचे कावळे सकाळपासून भात खात असतात. नवाच्या पुढे त्यांचं पोट भरलेलं असतं, आणि माणसं जवळ उभी असतील तर ते येत नाहीत. मावशी बोलल्या तेव्हा तुम्ही सगळे रडायला लागला असाल आणि दोन पावलं मागे सरकला असाल. बास.

आमच्या घराण्याचं, म्हणजे आत्मा न मानणाऱ्या चार्वाकांचं, म्हणणं जुनंच आहे. पीठ, गूळ, पाणी ह्यांत कशातच नशा नसते, पण एकत्र आंबवलं की चढते. चैतन्य तसंच. "भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः". जळलेलं परत येत नाही. आणि श्राद्धाने मेलेल्याचं पोट भरत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता? घरी बसून जेवा, त्याचं पोट भरेल.

ताई, हे तुम्हाला टोचायला लिहिलेलं नाही. तुमचा प्रश्न मात्र आम्हालाही अडचणीचा आहे, हे कबूल. आई म्हणजे देह म्हणावं तर देह तर शेवटपर्यंत तोच होता.

---

गोदाकाठ

@चुलतभाऊ, मागे सरकलो होतो, हे खरंय. :)

@माळकरीकाका, ओवी मला पाठ आहे, आईनेच शिकवली. पण वस्त्राचा दृष्टांत मला इथे पुरत नाही. लुगडं फाटलं तर नेसणारीला तिच्या मुलीचं नाव विसरायला होत नाही. इथे फाटलं ते आतलंच.

---

पंडित_नाही

हाच आक्षेप शास्त्रकारांनीही घेतलेला आहे, म्हणून तर नुसता देह आणि आत्मा असे दोनच कप्पे ते करत नाहीत. मध्ये सूक्ष्मदेह आहे. सांख्यांच्या मोजणीत त्याची १८ तत्त्वं, वेदान्त्यांच्या १७. मन, बुद्धी, इंद्रियशक्ती, प्राण सगळं त्यात, आणि संस्कारांची गाठोडीही तोच वाहतो. मरताना स्थूलदेह पडतो, सूक्ष्मदेह पुढे जातो. म्हणजे आठवणींचा ठेवा मेंदूत नाहीच. मेंदू ही वीणा. तार तुटली म्हणून वादक वाजवायचं विसरला असं होत नाही.

नैयायिकांचाही, म्हणजे न्यायदर्शनवाल्या तर्कपंडितांचाही, मुद्दा बघा. "जे मी पाहिलं तेच आता हाताने स्पर्शतोय" असं आपण म्हणतो. डोळा स्पर्श करत नाही, त्वचा बघत नाही. तेव्हा दोन्ही एकत्र जोडणारा तिसरा कोणीतरी हवा. तो आत्मा.

---

स्टेथो

वीणेचा दृष्टांत मी वॉर्डात नातेवाइकांकडून नेहमी ऐकते. सुंदर आहे, पण रुग्णाशी जुळत नाही.

वीणा बिघडली तर सूर बेसूर लागतील, हे ठीक. पण वादकाची आवडच बदलली तर? १८४८ साली अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. गडी जगला. चालत होता, बोलत होता, स्मरणशक्ती शाबूत. पण आधीचा समंजस माणूस हट्टी आणि शिवराळ झाला. हा आता गेज राहिलाच नाही, असं त्याचे मित्र म्हणाले. इथे बिघडलं काय, तार की वादक?

दुसरं उदाहरण ताईंच्या पाढ्यांसाठी. १९५३ साली हेन्री मोलेसन ह्या रुग्णाच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा काही भाग फिट्सच्या उपचारासाठी काढला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतरचं नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. डॉक्टर रोज नव्याने ओळख करून देत. त्याच माणसाला आरशात बघून चांदणी गिरवायला शिकवली तर दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला. आणि दर दिवशी तो म्हणायचा, हे मी कधी केलेलंच नाही.

म्हणजे 'स्मृती' ही एकच पेटी नाही. तुमच्या आईंचे पाढे लहानपणी घोटलेले, रुतून बसलेले. तुमचं नाव त्या मानाने अलीकडचं. तुमच्यावर माया कमी होती म्हणून ते आधी गेलं, असं अजिबात नाही. हे वाक्य दोनदा वाचा, प्लीज. माझ्याकडे येणारी प्रत्येक मुलगी मनातल्या मनात तेच विचारत असते.

---

गोदाकाठ

वाचलं. दोनदा.

---

जर्सीकर

जरा वेगळ्या बाजूने. सतराव्या शतकात लॉक नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने नेमका ताईंचाच प्रश्न विचारलाय आणि उत्तर धक्कादायक दिलंय. तो म्हणतो, समजा तुझ्यात आहे तोच आत्मा ट्रॉयच्या युद्धातल्या एखाद्या योद्ध्यातही होता. पण तुला त्यातलं काहीही आठवत नाही. मग तू 'तो' आहेस का? नाहीस. आत्मा तोच, पण व्यक्ती ती नव्हे. म्हणजे आत्मा टिकतो की नाही ह्या वादात तुम्ही जिंकलात तरी हातात काही पडत नाही. 'मी' टिकायला जाणीव टिकायला हवी, आठवण टिकायला हवी.

मला हे पटतं. मी सिस्टिम्समध्ये काम करतो. डेटा गेला आणि हार्डवेअर राहिलं, तर ग्राहकाला "सर्व्हर तोच आहे हो" असं सांगून बघा काय होतं ते.

---

कोरा_कागद

लॉकला टॉमस रीडने १७८५ साली जे उत्तर दिलं तेही सांगा की राव, अर्धवट कशाला?

एक पोरगा बाग लुटतो म्हणून फटके खातो. मोठा होऊन सैन्यात अधिकारी होतो, शत्रूचं निशाण हिसकावून आणतो. म्हातारपणी सेनापती होतो. अधिकाऱ्याला फटके आठवतात. सेनापतीला निशाण आठवतं, पण फटके साफ विसरलाय. लॉकच्या हिशोबाने पोरगा = अधिकारी, अधिकारी = सेनापती, पण पोरगा ≠ सेनापती. हे कुठलं गणित? आईंनी फुली मारली असती.

आणि ताईंच्या घरात तर उलटं झालंय. सेनापतीला फक्त फटके आठवतायत, मधलं सगळं गेलं.

---

धम्मपथिक

आमच्याकडे पिंड नाही, कावळा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातच श्राद्ध-पिंडदान करणार नाही हे आलं. आजोबा गेले तेव्हा जलदान विधी झाला, भन्तेजींनी पुण्यानुमोदन केलं, लोक आजोबांविषयी बोलले, जेवण झालं.

पण प्रश्न आमच्यासाठी नवा नाही. जुन्या पाली ग्रंथातला मिलिंद राजा ग्रीक. त्याला नागसेन भन्ते विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ दाखव. आस म्हणजे रथ? चाकं? जू? दोर? एकेकाला राजा नाही म्हणतो. तर हे सगळं मिळून ज्याला आपण नाव देतो तो रथ. तसाच नागसेन. आत कोणी बसलेला नाही.

मग पुन्हा जन्मतं कोण, तोच की दुसरा? भन्ते म्हणतात, "न च सो न च अञ्ञो". तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग वेगळे दोन दिवे होते का? तेही नाही.

ताई, तुम्ही "तिघींपैकी कोण" विचारताय. मला वाटतं तिघी कधी नव्हत्याच, आणि एकही नव्हती. एक रात्र होती.

---

चार्वाकाचा चुलतभाऊ

धम्मपथिक, शेवटचं वाक्य झकास. पण मला एक सांगा, आत कोणीच नाही तर मागल्याच्या कर्माचं फळ पुढल्याने का भोगायचं? हा तर शेजाऱ्याच्या वीजबिलाचा प्रकार झाला.

---

धम्मपथिक

:) हाही मिलिंदाने विचारला. भन्ते म्हणतात, एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणतो, "ह्याने लावली ती कोय. मी नेले ते आंबे. कोय मी नेलेलीच नाही." सोडशील का त्याला? राजा म्हणतो, नाही, कारण हे आंबे त्याच कोयीतून आले.

आणि बाबासाहेबांनी तर एका देहातून दुसऱ्यात जाणारा आत्मा मानलाच नाही. त्यांच्या मांडणीत देहाची भौतिक द्रव्यं निसर्गात मिसळतात, पुन्हा कशाकशात एकत्र येतात. गाठोडं घेऊन निघालेलं कोणी नाही.

---

वसईवाला

आम्हा कॅथलिकांत २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत जातो. कबर धुतो, झेंडू घालतो, मेणबत्त्या. लहानपणी ती संध्याकाळ मला दिवाळीच वाटायची. त्यामुळे मी "आमचा तर आत्मा स्वर्गात जातो, प्रश्न मिटला" असं म्हणेन असं वाटलं असेल कोणाला.

तसं नाही. श्रद्धाप्रकटनात आम्ही शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो म्हणतो, नुसत्या आत्म्याच्या नाही. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनसने बायबलमधल्या पौलाच्या पत्रावर लिहिताना सरळ लिहून ठेवलंय, माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. नुसते आत्मे वाचले तरी मी वाचलो असं होत नाही. सेमिनरीत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा (हो, दोन वर्षं होतो, मग पळालो) मला गंमत वाटली होती. आजी गेल्यावर कळलं. मला आजीचा आत्मा नको होता हो, मला तिचा तंबाखूचा वास हवा होता.

---

पंडित_नाही

वसईवाले, तुमच्या अक्वायनसाचं वाचून मला बृहदारण्यक आठवलं. लोक उपनिषदांतून दिलासा शोधायला जातात आणि तिथे हे सापडतं. याज्ञवल्क्य घर सोडून निघालेत. मैत्रेयी म्हणते, धन नको, अमर होईन असं काही सांग. तो सांगतो, आणि बोलता बोलता म्हणून जातो, "न प्रेत्य संज्ञास्ति". मेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, राहत नाही.

मैत्रेयी तिथेच थांबवते. इथे मला गोंधळात टाकलंत, म्हणते. साहजिक आहे. अमर व्हायला बसली आणि नवरा म्हणतो, पण तुला ते कळणार नाही.

दृष्टांत मिठाच्या खड्याचा. पाण्यात टाकला, विरघळला, परत चिमटीत धरता येत नाही. पण कुठूनही पाणी घ्या, खारटच. याज्ञवल्क्याचं म्हणणं, मीठ कुठे गेलं नाही. मैत्रेयीचं दुःख, खडा गेला. ताई, माझ्या पहिल्या प्रतिसादात मी फार खात्रीने लिहिलं. तुमचा प्रश्न मैत्रेयीचा आहे आणि सूक्ष्मदेहाची १८ तत्त्वं मोजून तो सुटत नाही.

---

जर्सीकर

पंडितजी, हा प्रतिसाद वाचनखुणेत.

अवांतर: नागपूरची केस कोणाला माहीत आहे का? १९७४च्या सुमाराची. तिशीतली मराठी, शिकलेली बाई, तिच्यात अधूनमधून एक बंगाली स्त्री 'यायची'. नेसणं बंगाली, बोलणं बंगाली, आणि काळ म्हणे दीडशे वर्षांपूर्वीचा. त्या दिवसांत तिला मराठी कळायचं नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या इयन स्टीव्हन्सन ह्यांनी अभ्यास केला. पुनर्जन्माचा पुरावा म्हणून अजून सांगतात.

---

स्टेथो

माहीत आहे. तिने आधी थोडं बंगाली वाचायला शिकलं होतं, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. भाषाशास्त्रज्ञांनीही आक्षेप घेतले. माझ्या मते तो व्यक्तिमत्त्वाच्या दुभंगाचा प्रकार. पण पुरावा हो की नाही हे बाजूला ठेवा. मी नेहमी तिच्या आईवडिलांचा विचार करते. घरात मुलगी वावरतेय, तोच चेहरा, आणि ती त्यांना ओळखत नाही, त्यांची भाषाही नाही. तरी ते तिला जेवायला वाढत होते. कोणाला वाढत होते?

---

गोदाकाठ

स्टेथो, मी सात वर्षं वाढलं. उत्तर देते.

पहिली दोन वर्षं मी माझ्या आईला वाढत होते, जी आजारी आहे. मधली काही वर्षं खरं सांगायचं तर मी कोणालाच वाढत नव्हते, काम उरकत होते. एकदा मी तिच्या हातातलं ताट ओढून घेतलं होतं, कारण ती भात मोजत बसली होती. शितं. एक, दोन, तीन. त्या रात्री ओट्याशी उभी राहून मी म्हणाले, आई कधीच गेलीय, हे काहीतरी वेगळंच उरलंय. बारावं-तेरावं व्हायच्या कितीतरी आधी मी तिला मारून टाकलं होतं.

आणि शेवटच्या वर्षात एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "बाई, तुमची आई कुठे असते?" मी म्हटलं, "इथेच, नाशकात." ती म्हणाली, "तिला जपा हं. गणिताची बाई ना ती?"

आता हे कोण बोललं? कोणाबद्दल? लॉकला विचारा, नागसेनांना विचारा. मला ते सांगता येत नाही, आणि "मेंदूतले योगायोग" म्हणून सोडूनही देता येत नाही.

---

माळकरी

ताई, ओवी लिहून मोकळा झालो ह्याची लाज वाटली. वादक, वीणा, वस्त्र सगळं राहू दे. आमच्या घरी वडिलांचंही असंच झालं होतं, मी कुणाला बोललो नाही. ते मला चोर समजायचे. वारीला नेलं तर दिंडीत टाळ बरोबर धरला. विठ्ठल विठ्ठल म्हणताना एक ठेका चुकला नाही. मुक्कामाला आल्यावर परत, "हा चोर कोण?"

---

कोरा_कागद

(हा प्रतिसाद तीनदा लिहून खोडला. काकांना नमस्कार.)

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. आता एक व्यवहारातला प्रश्न, हसू नका. वर्षश्राद्धाच्या पानात आवडीचा पदार्थ वाढायचा असतो. भाऊ म्हणतो कारल्याची भाजी, आईला जीव की प्राण. पण शेवटची दोन वर्षं ती कारलं थुंकून टाकायची, फक्त दूधभात खायची, तोही साखर घालून. मावशीला विचारलं तर ती म्हणते, "तिला गूळ-दाणे दे, फडताळात लपवून ठेवायची ती." काय वाढू?

---

पंडित_नाही

कारलं श्राद्धाला चालतं, नव्हे, मानाचं. दूधभाताला हरकत नाही. गूळ-दाण्याचं शास्त्रात कुठे वाचलं नाही, म्हणजे मनाईही वाचलेली नाही.

---

चार्वाकाचा चुलतभाऊ

आमसुलाची चटणी विसरू नका. आणि पान लवकर ठेवा, साडेआठच्या आत. कावळे तेव्हा भुकेले असतात.

---

गोदाकाठ

मावशी सिन्नरहून आदल्या दिवशी येतेय. दाणे तीच भाजून आणणार आहे.